आईचा श्वास

परवा मी समुपदेशकांना शिकवते त्या वर्गात ध्यान संपल्यावर कुणीतरी मेणबत्ती विझवली. जळक्या वातीचा तो वास आला आणि मला शिरूरच्या विहारातली एक दुपार आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर सुरुंगाचा दगड लागून माझा थोरला भाऊ गेला. आई धड जेवेना, रडेना. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते, पण पुस्तकातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून मी तिला भंतेजींच्या आनापानाच्या वर्गाला नेलं. तिथं नुसता येणारा-जाणारा श्वास बघायला शिकवत.

पत्र्याखाली उकडत होतं, बुद्धमूर्तीपुढच्या विझलेल्या मेणबत्तीचा वास दाटला होता. भंतेजी हळू आवाजात म्हणाले, "माई, श्वास आत येतोय, बाहेर जातोय. तेवढंच बघा."

आईनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दिसतोय भंतेजी. पर ह्यो माझा हाय. माझ्या लेकाचा कुठं गेला?"

आता ते अनित्यतेबद्दल काही सांगतील, असं मला वाटलं. पण ते उठून तिच्यासमोर फरशीवर बसले. आई हंबरडा फोडून रडली. ऊन उतरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

घरी जाताना मी विचारलं, "आई, बरं वाटलं ना?"

"न्हाई गं. पर ते बसले माझ्यापाशी."

तेव्हा मला वर्ग फुकट गेल्यासारखा वाटला. आता माझ्यासमोर कुणी असं रडलं, की मी शिकवणं थांबवते आणि बसून राहते. आई मात्र त्यानंतर कधी हसलेली मला आठवत नाही.