झुबेदाआपाचा पगार

दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या कार्गो कंपनीत नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यातच त्याला झुबेदाआपाचे किस्से ऐकवले जातात. पूर्वी एका चहात संपायचे. आता दोन चहा लागतात! मी रिसेप्शनवर बसते, त्यामुळे सगळे मला आधी कळतात आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

आपा रत्नागिरीच्या. कस्टम्सचे कागद करण्यात अकरा वर्षं गेली. शेजारच्या टेबलावर वसईचा मेल्विन. त्याला काम आपांनीच शिकवलं, आणि पगार त्याला दोन हजार दिरहम जास्त. म्हणजे आपले जवळजवळ अर्धा लाख रुपये! आपांच्या थोरलीची कॉलेजची फी त्यातच निघाली असती. मला तर फार राग यायचा.

*

एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, इथल्या सरकारचा कायदाच आहे. बाई असो की पुरुष, सेम काम, सेम पगार.

आमचे मॅनेजर बर्वे सर म्हणाले, "आपल्याकडे सेम काम आहेच कुठे?" आणि आठवड्याभरात मेल्विन 'सीनियर ऑपरेशन्स ऑफिसर' झाला! आपा होत्या तिथेच, 'डॉक्युमेंट असिस्टंट'.

नवीन कार्ड घेऊन मेल्विन त्यांच्याकडेच गेला. "आपा, आता मी नक्की काय करायचं?"

"काल करत होतास तेच. फक्त सही मोठी कर."

*

मग आपा मेल्विनला मिळतो तसा घरभाड्याचा अलाऊन्स मागायला केबिनमध्ये गेल्या.

"तुमचे मिस्टर आहेत ना भाडं भरायला?" बर्वे सर म्हणाले. "मेल्विनचं तसं नाही. उद्या तो लग्न करेल, त्याला फॅमिली येईल."

"माझी तर येऊन बसलीय सर! तिघं आहेत!"

दार उघडंच होतं. मी हसू लपवायला फोन उचलला, तर तो वाजतच नव्हता.

*

आपा भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी एक कंटेनर पोर्टवर अडकला. मेल्विनने व्हिडिओ कॉल लावला. आपा मांडवात, हाताला ओली मेंदी, भाची समोर फोन धरून उभी! तशातच आपांनी एकेक कागद सांगितला आणि दुपारी कंटेनर सुटला.

'स्वतंत्रपणे परिस्थिती हाताळल्याबद्दल' बर्वे सरांनी सर्टिफिकेट दिलं. मेल्विनला!

आपा परत आल्यावर त्याने ते फ्रेमसकट त्यांच्या टेबलावर ठेवलं. "तुमच्याकडेच राहू दे आपा. मी बेडस्पेसवर राहतो, भाड्याची नुसती एक खाट, मला कुठली भिंत!"

*

घरी आपांची थोरली म्हणाली, "अम्मी, इट्स द लॉ! जस्ट आस्क!"

"कायद्याला विचारणं सोपं आहे गं," आपा म्हणाल्या, "बर्वे सरांना विचारायचंय!"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ कामगार खात्याकडे तक्रार केली. मला म्हणाल्या, "नोकरी गेली तर खलास. पण पोरीला तोंड दाखवायचंय."

*

आणि मग इन्स्पेक्टर आल्या. अंगभर काळा अबाया, हातात टॅब, बोलणं अगदी मऊ. मीच पाणी घेऊन आत गेले होते आणि मुद्दाम ग्लास सावकाश ठेवत होते.

बर्वे सर समजावत होते, "मॅडम, दोघांचं काम टोटली डिफरंट आहे. मेल्विन सगळे डिसिजन स्वतः घेतो." कामांची यादी त्यांनी मेल्विनकडून आदल्या दिवशीच पाठ करून घेतली होती.

इन्स्पेक्टर म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

मेल्विन आला. शर्ट घामाने भिजलेला. मॅडमनी हसून विचारलं, "मिस्टर मेल्विन, तुमचं काम नेमकं काय?"

मेल्विनने एकदा बर्वे सरांकडे बघितलं, एकदा छताकडे. मग दाराकडे वळत म्हणाला,

"वन मिनिट मॅडम, आपाला विचारून येतो!"