देवीच्या गालावरची साडेतीन बोटं

माझ्या मिशा तेव्हा एवढ्या लांब होत्या, की बाजारात वळताना आधी मिशी वळायची, मागून मी. आखाडा बाळापूरच्या भर बाजारात मी त्याच मिशांची पैज लावून बसलो. गावच्या देवीचा पितळी मुखवटा दुपारच्या आरतीआधी चांदीचा करून दाखवीन, नाहीतर देवळापुढं मिशी काढीन. गावचे देशमुख म्हणाले, "बराबर. न्हावी मी बसवून ठेवतो."

मी गिलीटवाला, म्हणजे धातूवर धातू चढवणारा. लोणच्याच्या काचेच्या बरणीत चांदीचं पाणी, आत एक चांदीची पट्टी, बाहेर लॉरीची जुनी बॅटरी. एवढ्यावर मी अर्ध्या मराठवाड्याचे तांबे चकचकीत केले होते. यात भ्यायचं फक्त बोटांना. मुखवटा राख-चिंचेनं घासून धुतला, की कुणी शिवायचं नाही.

"शिवलं तर काय होतं?" गुरवानं विचारलं.

"चांदी बसत न्हाई."

देशमुखांनी लगेच काठी उगारून लोक मागं सारले. "जो हात लावील त्याची बोटं तोडीन." मी पाठ फिरवून बॅटरीच्या तारा जोडल्या, मुखवटा बरणीत सोडला आणि भिंग लावून बसलो.

ही चांदी काही रंगासारखी सपाट पसरत नाही. आधी ठिपके उठतात. जिथं ओरखडा, जिथं कड, तिथं पहिले. जागा धरायला काहीतरी खाच लागते. मग एकेक ठिपका भोवतीची चांदी ओढून फुगतो, लठ्ठ ठिपका आपल्याशेजारी दुसरा उगवूच देत नाही. खसखशीचा दाणा डोळ्यांदेखत ज्वारीएवढा झाला, असं मी तेव्हा सांगायचो. भिंग जरा मोठं होतं, एवढंच. शेवटी दाणे दाण्यांना भिडतात आणि मधलं पितळ झाकून जातं.

कपाळ भरलं, नाक भरलं. उजव्या गालावर मात्र एकही दाणा धरेना. पिवळे डाग तसेच राहिले. तीन लांब आणि एक आखूड. गर्दी पुढं वाकली. कडबा तोडताना तर्जनी अर्धी गेलेला माणूस गावात एकच होता, आणि त्याच्या हातात काठी होती.

मी अगदी गरिबासारखं विचारलं, "मालक, मिशीला तेल लावून आलात काय?"

देशमुखांनी हात उपरण्यात घातला. "का रे?"

"न्हाई, देवीच्या गालाला तेल लागलंय."

गुरव हळूच म्हणाला, "मालकांनी दृष्ट काढली. गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रोजच काढतात, कुणी नसताना."

कुणी हसलं नाही. हसायला काठी फार जवळ होती. न्हावी मात्र वस्तरा पाजळत सूर्याकडं बघत होता. पुन्हा घासून चढवायला वेळ उरला नव्हता.

"गुरवा," देशमुख खाकरले, "दुपार झाली काय?"

गुरवानं डोक्यावर आलेल्या सूर्याकडं पाहिलं, मग काठीकडं. "कुठं, मालक. अजून लई वेळ हाय."

त्या दिवशी बाळापुरात दुपार दीड तास उशिरा झाली. मी गाल घासला, पुन्हा दाणे उगवले, मुखवटा चांदीचा झाला, मिशी जागेवर राहिली. तेवढा वेळ देशमुख वीस पावलांवर उभे होते, दोन्ही हात त्यांनी गुरवाकडून उपरण्यानं मागं बांधून घेतले होते.