कणसरीपाशी अडलेलं लग्न

चोरीला गेलेला माल केवढा आणि दिसायला कसा, हे पंचनाम्यात लिहिताच आलं नाही, असं प्रकरण माझ्या नोकरीत एकच घडलं. म्हणूनच ते अजून जसंच्या तसं आठवतं.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. एका सकाळी साखरशेतकडच्या एका पाड्याचा पोलीस पाटील नवरदेवाच्या बापाला घेऊन कचेरीत आला. तक्रार अशी की, धवलेरीने गाणं दाबून ठेवलं आहे. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. तांदळाच्या पिठाने देवाचा चौक रेखलेल्या भिंतीपुढे बसून ती एकेका देवाला गाण्यातून बोलावते. सगळे आले की लग्न लागतं. हिने धरतरीला बोलावलं आणि धान्याची देवी कणसरी, तिच्यापाशी येऊन थांबली. म्हणाली, पुढचं विसरले. नवरा-नवरी दोन दिवस हळद लावून बसली होती, आणि पाहुणे काही उपाशी बसणारे नव्हते. आणखी दोन दिवस गेले तर बियाण्याचं भात शिजवावं लागेल, असं सांगताना तो बाप रडकुंडीला आला.

म्हातारं माणूस विसरतं, त्याला कलम कुठलं लावू? दुसरी धवलेरी आणा, म्हटलं. त्यांनी आणली होती. तीही कणसरीपाशीच विसरली. मग पोशेऱ्याहून तिसरी आणली, तिचीही तीच गत. तीन म्हाताऱ्या एकाच ठिकाणी अडखळतात तेव्हा पोलिसाला त्यात म्हातारपण दिसत नाही, कट दिसतो.

खबर दिली बाजारात टोपल्या विकणाऱ्या बाईने. एरवी या तिघी एकमेकींच्या दारचं पाणी पीत नाहीत, जिची तिची गाणी जिच्या तिच्यापाशी. पण लग्नसराईच्या तोंडावर तिघी मिळून तिच्याकडे आल्या आणि प्रत्येकीने एकेक मोठी कणगी घेतली. नाचणी साठवायची बांबूची कणगी! ज्यांच्या घरी शेत नाही, कमावता मुलगा नाही, त्यांना पुरुषभर उंचीची कणगी कशाला? मी टिपून ठेवलं, पण अर्थ लागला नाही.

तिघींना चावडीवर बोलावलं. पोशेरा आमच्या हद्दीत नव्हतं, तेव्हा तिसरीवर हुकूम चालेना; तिला तंबाखूचं आमिष दाखवून पाहुणी म्हणून आणावं लागलं. एकेकीला वेगळं बसवून विचारलं. दरोडेखोर बोलते केलेला माणूस मी, पण त्या दिवशी माझी डाळ शिजेना. दम दिला की त्या मान हलवत, गोड बोललं की आणखी तंबाखू मागत. उत्तर तिघींचं त्यांच्या बोलीत एकच: "माना आठवत नाय."

माझा हवालदार घाटावरचा, भजनात वरचा सूर लावणारा. शेजारचे त्याला विनवून गप्प बसवत, असा गळा. मी त्याला म्हटलं, आता लग्न तूच लाव. तिघींना समोर बसवलं आणि त्याने सुरुवात केली. धरतरीला बोलावलं, सूर्याला बोलावलं, चांदाला बोलावलं, मग फौजदारसाहेबांना बोलावलं. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि तंबाखू मळत राहिल्या. मग त्याने सगळ्यांना पंगतीला बसवलं, जेवू घातलं, आणि उष्टी काढल्यावर कणसरीला हाक मारली.

साखरशेतची म्हातारी, म्हणजे पहिली धवलेरी, ताडकन उठली. "सगळे जेवल्यावर कणसरी? खाल्लं काय मग त्यांनी, माती?" असं म्हणून तिने तिथेच खणखणीत आवाजात पुढचं सगळं गाणं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दोघींनी साथ धरली. एक अक्षर अडलं नाही. संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि ती मटकन खाली बसली.

मी विचारलं, हे का केलंस? डोंगरातली माणसं साहेबालाही एकेरीच बोलावतात. ती म्हणाली, "सायब, तू थकलास तं राजा तुला घरबसल्या पोटाला देल. माना कोन देल?"

गेल्या वर्षी त्यांच्यातली चौथी धवलेरी वारली होती, आवाज गेल्यावर, कंदमुळं उकडून खात. आयुष्यभर तिने लोकांच्या घरी कणसरी आणून दिली, तिच्या घरी कोणी आणली नाही. तेव्हा या तिघींनी भांडण मिटवलं आणि गळा शाबूत आहे तोवरच म्हातारपणाची सोय करायचं ठरवलं: लग्न अडवायचं, आणि लोक पुरते घाईला आले की धान्याची अट घालायची. कणग्या आधी घेतल्या, धान्याची व्यवस्था नंतर. मला तर हसू आवरेना, आणि लाजही वाटली.

तडजोड चावडीवरच झाली. जिने ज्या पाड्यांत लग्नं लावली, त्या पाड्यांनी तिला जन्मभर दर सुगीला घरटी टोपलीभर नाचणी द्यायची; तिने दोन तरण्या बायकांना गाणं शिकवायचं. मी कागद पुढे केला तर म्हातारी म्हणाली, कागद उंदीर खातो. मग गावकऱ्यांनी मूठभर नाचणी हातात घेऊन कणसरीची शपथ घेतली. संध्याकाळी लग्न लागलं. शेऱ्यात मी लिहिलं: माल मिळाला, फिर्यादी समाधानी.

लोकांना आपली गरज असते तोवरच लोक आपलं ऐकतात. मी हे नोकरी सुटल्यावर शिकलो. त्या अडाणी बायकांना ते आधीच कळलं होतं.

पेन्शनीत निघाल्यावर काही वर्षांनी साखरशेतला जाणं झालं. म्हातारी अंगणात उन्हात बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मला खोडी सुचली. मी हवालदाराचं गाणं म्हणायला लागलो, सगळ्यांना जेवू घातलं आणि शेवटी कणसरीला हाक मारली. आता ती चिडेल म्हणून वाट पाहिली.

"छान गातोस तू," ती म्हणाली. "आजून म्हन."

मी उठून तिच्या झोपडीत डोकावलो. कणगी काठोकाठ भरलेली होती.