पन्हळीला बांधलेले फडके

माझ्या आजोबांनी नाल्यावर मातीचा भराव घालून पाणी अडवले होते. गाव त्याला आमचे धरण म्हणे. भरावासाठी त्यांनी टेकडीची पिवळी माती आणली होती. त्याच्या पायथ्याशी आमचा मळा आणि मळ्यात दोन खोल्यांचे घर. विधवा झाल्यावर माझी थोरली बहीण, आक्का, तिथे एकटी राहू लागली. वडील गावात राहत. मी नाशिकला शाळेत मास्तर होतो.

एका उन्हाळ्यात, मी सुट्टीवर असताना, सरकारी ओव्हरसिअर आला. खासगी धरणांचे वर्ग लावायचे होते. भराव फुटला तर खाली वस्ती बुडणार असेल तर पहिला वर्ग, नुसती शेती असेल तर तिसरा.

"खाली वस्ती?" त्याने विचारले.

"वस्ती कसली रावसाहेब, आमचाच मळा हाय," वडील म्हणाले.

घर समोर दिसत होते. पण एका बाईच्या बिऱ्हाडाला वस्ती म्हणावे, असे आम्हा तिघांपैकी कोणालाच वाटले नाही.

"तिसरा वर्ग? म्हणजे काठावर पास का रे मास्तर?" आक्काने नंतर मला विचारले.

"इथे तिसराच सगळ्यात बरा," मी म्हणालो.

ओव्हरसिअरने एक काम मात्र लावून दिले. भरावाच्या पायथ्याला पाझर होता. ते पाणी पन्हळीतून पडे. ते स्वच्छ येते की गढूळ, हे दरमहा कळवायचे. गढूळ येऊ लागले तर भरावाची माती आतून वाहू लागली असे समजायचे. महिन्यातून एका रविवारी मी ओझरला मोटारीतून उतरून चालत मळ्यात जाई. आक्का पन्हळीचा तांब्या भरून आणी. मी ओसरीवर बसून ते पाणी पिई, "पाणी स्वच्छ आहे" असे लिही आणि पुस्तक उघडी.

पुढच्या वर्षी श्रावणात धरण काठोकाठ भरले. त्या रविवारी आक्का गोठ्यात होती, म्हणून तांब्या घेऊन मीच गेलो. पन्हळीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके बांधलेले होते आणि ते जड होऊन लोंबत होते. सोडले तेव्हा आत ओंजळभर पिवळी माती निघाली, पिठासारखी मऊ.

"कचरा येतो म्हणून बांधते," आक्का मागून म्हणाली. "रोज सकाळी एवढी निघती. अळूला घालते. लय मानवलीय त्याला."

अळूचा वाफा मी तेव्हा प्रथम नीट पाहिला. मळ्याची सगळी जमीन काळी. हा वाफा पिवळा होता, आणि शेजारच्या वाफ्यांपेक्षा वीतभर उंच. मी भरावाकडे पाहिले. वर हिरवे गवत होते आणि दोन शेळ्या चरत होत्या.

"आक्का, आत्ता गावात चल."

"आन् गाय? आज-उद्यात व्यायची ती. बुधवारी येते. पुस्तकं वाचून वाचून पार भित्रा झालास तू."

गावात येऊन सांगितले तेव्हा वडील चिडले नाहीत. "रावसाहेबांनी तिसरा दिलाय ना? त्यांना तुझ्यापेक्षा कळतं," एवढेच म्हणाले.

मी कचेरीला पत्र लिहिले: पाणी गढूळ आहे, खाली माणूस राहते. सोमवारी सकाळी नाशिकला ते पेटीत टाकले आणि शाळेत गेलो. तिला हाताला धरून आणता आले असते.

मंगळवारी दुपारी भराव फुटला. पाऊस नव्हता, चांगले ऊन पडले होते. आक्का गाईचे दावे सोडायला गोठ्याकडे धावली, असे वरच्या शेतातल्या लोकांनी सांगितले.

तेराव्यानंतर कचेरीचे उत्तर आले. वडिलांनी ते वाचायला लावले. पत्र पोचले, पाहणी पावसाळ्यानंतर होईल, तोवर धरणाचा वर्ग तिसराच राहील.

"परत वाच."

मी परत वाचले.

"वस्ती नाय, असं मीच म्हणालो ना रे?"

तेव्हा मीही तिथेच उभा होतो, आणि गप्प राहिलो होतो. तेही त्यांना सांगितले.