पंचावन्न वर्षांचे तात्या

दवाखान्यात माणूस गोळी विसरेल, पण किस्सा विसरणार नाही! परवा दगडूतात्या बायकोला, यमुनाकाकूंना, शुगर तपासायला घेऊन आले आणि आमच्या पारनेरकडच्या उपकेंद्रात पुन्हा कोरोनाच्या गप्पा निघाल्या. त्या साथीत मी, इथली नर्स, आणि आशा सेविका सुनीता धोक्यातली माणसं शोधत घरोघर फिरायचो. साठीपुढचे, शुगरवाले, बीपीवाले, दमेकरी. हा आजार त्यांनाच जड जायचा.

*

दगडूतात्यांच्या मिशा कलप लावून काळ्याभोर.

"तात्या, वय?"

"लिवा पंचावन्न."

"अहो, तुमच्या थोरल्यानं स्वतःचं चोपन्न सांगितलंय!"

"मग? आमची लग्नं लई लवकर हुयाची!"

काकू तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

*

एका मामांना विचारलं, "बीपी आहे का?"

"हुती. गोळ्यांनी बरी झाली, म्हून गोळ्या सोडल्या!"

मशीनवरचा आकडा बघून मलाच घाम फुटला. मामा निवांत शेंगा फोडत होते.

*

"वजन जास्त असलं तरी धोका असतो," सुनीता एका पाटलीणबाईंना हळूच म्हणाली.

"ह्याला आजार म्हणत्यात व्हय? आमच्यात खात्यापित्या घरचं म्हणत्यात!"

वर आम्हा दोघींना बळंच लाडू खायला लावले.

*

"शुगर? आमच्या खानदानात असला रोग न्हाई," म्हणून एका बापूंनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं होतं. पुढं लस आली, शुगरवाल्यांना आधी मिळणार असं कळलं. रांगेत पहिले बापू!

"सिस्टर, चार पिढ्यांची शुगर हाय आमची!"

*

खरी धास्ती मला यमुनाकाकूंची होती. शुगर, वर दमा, आणि मुलगा रोज दूध घालायला बाजारात जाणारा. त्यांना काही झालं असतं तर निभावणं अवघड होतं. म्हणून घराघरात सांगून ठेवलं, साठीपुढच्यांनी आणि आजाऱ्यांनी मागच्या खोलीत राहायचं, ताट दारात ठेवायचं, बाकी कुणी आत पाऊल टाकायचं नाही. काकू आत गेल्या. तात्या पंचावन्नचे, धडधाकट. ते बाहेर!

थोड्याच दिवसांत तात्या उपकेंद्राच्या दारात उभे. मिशा पांढऱ्या.

"सिस्टर, वय दुरुस्त करा. अठ्ठ्याहत्तर हाय. मला बी त्या खोलीत टाका."

"तात्या! परवा तर पंचावन्न होतं!"

"तवा ही बाहेर हुती."