तात्सुओचं ‘येस’

तात्सुओ कुराहाशी अलकाच्या मागच्या खोलीत राहायला आला तो १९८९च्या नोव्हेंबरात. जपानमध्ये तो एका कंपनीच्या संघातून फुटबॉल खेळायचा; सकाळी ऑफिस, दुपारी सराव. नुसत्या खेळावर जगता यावं म्हणून सव्विसाव्या वर्षी ती नोकरी सोडून तो वेल्समधल्या कार्डिफजवळच्या एका छोट्या क्लबात चाचणीसाठी आला होता. सहा आठवड्यांत करार झाला नाही तर परत जायचं, आणि कंपनी त्याला परत घेणार नव्हती.

अलका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, माझी शेजारीण. मी तेव्हा इथल्या शाळेत शिकवत होते, म्हणून त्याचं इंग्रजी तिने माझ्यावर सोपवलं. गृहपाठ तो कधी चुकवत नसे. बूट दारात जोडीने, टोकं बाहेर करून ठेवायचा. वरणाची वाटी उचलून तोंडाला लावायचा, मग अलकाकडे बघून हळूच खाली ठेवायचा. चहा करताना मी विचारायची, “नो शुगर, ना?” तो म्हणायचा, “येस.” मी साखर घालत नसे.

पाचव्या आठवड्यात त्याचा डावा गुडघा सुजला. सूज उतरली, तरी तो जिना उतरू लागला की मी त्याच्या पायाकडे बघायची आणि तो माझ्या तोंडाकडे. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या डॉक्टरांनी तपासलं. घरी आला तेव्हा त्याचे बूट दारात वेडेवाकडे पडले. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, वेदना अजून आहेत. कराराचं ठरवायला क्लबची बैठक शुक्रवारी दुपारी होती.

पण गुडघा दुखत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अलकाने विचारलं, मग डॉक्टरांना काय सांगितलंस?

“ते म्हणाले, ‘नो पेन नाऊ?’ मी म्हटलं, ‘येस.’”

“मग बरोबरच सांगितलंस की,” अलका म्हणाली.

मलाही ते बरोबरच वाटलं. दुखत नाही ना? हो, नाही दुखत. मग समोरच्या बिनसाखरेच्या चहाकडे माझं लक्ष गेलं. इथला माणूस दुखत नसेल तर ‘नो’ म्हणतो; त्याचं ‘येस’ म्हणजे दुखतंय. महिनाभर तो दोन मराठी बायकांशी इंग्रजी बोलत होता, आणि त्याची चूक आमचीही असल्यामुळे आम्हाला ती कधी दिसलीच नाही.

सकाळी नऊपासून अलका फोन लावत होती. तो साडेदहाला लागला. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. निघण्यापूर्वी मी त्याला ‘दुखत नाही ना’ असं विचारणार होते, तेवढ्यात जीभ चावली.

“कुठे दुखतंय?” एवढंच विचारलं.

“कुठेच नाही.”

डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला आणि पुन्हा तेच विचारलं, “नो पेन?” तात्सुओ थांबला. इतका वेळ थांबला की अलकाने माझं मनगट घट्ट धरलं.

“नो,” तो म्हणाला. “इट डज नॉट हर्ट.”

तो तीन मोसम खेळला. दर शनिवारी मी चेंडू सोडून त्याचा डावा गुडघाच बघत राहिले. त्र्याण्णव साली जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू होणार म्हणून तो परत निघाला. शेवटच्या दिवशी मी सवयीने विचारलं, “नो शुगर, ना?”

“नो,” तो अगदी शुद्ध इंग्रजीत म्हणाला.

माझ्या कानांनी ते मराठीत ऐकलं; मी दोन चमचे साखर घातली. त्याने एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं आणि उरलेला चहा मुकाट्याने संपवला.