बाई, मला जोडून द्या

रेडिओ केंद्रात सगळे तिला टेलिफोनताई म्हणत. थेट चर्चेच्या वेळी श्रोत्यांचे फोन आधी तिच्याकडे येत. कोण बोलतंय, काय म्हणायचंय हे विचारून ती काचेपलीकडच्या निवेदकाकडे फोन जोडून देई. श्रोत्याचं बोलणं झालं की निवेदक आभार मानून लाइन बंद करी. तो फोन पुन्हा तिच्याकडे येत नसे.

वडील गेल्यावर धाकट्या भावाशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. तो घर सोडून गेला तो गेलाच. पण अधूनमधून इथे त्याचा फोन येई. कधी कावलेला हेडमास्तर बनून, कधी बायकोला घाबरणारा शिंपी. बोलण्याआधी नाकातल्या नाकात हसायची त्याची खोड. तिला लगेच कळे.

"बाई, मला जोडून द्या."

"नाव सांगा, साहेब."

सोंग मोडलं तर हा फोनही बंद होईल, या धास्तीने तिने त्याला कधी ओळख दिली नाही. एकदा तो भाजीचा टेम्पो चालवणारा ड्रायव्हर झाला होता. ते मात्र तिला सोंग वाटलं नव्हतं.

आणि आज सकाळी मोठ्या बाजारात, टेम्पो लागतात तिथेच, बॉम्ब फुटले. दुपारी चर्चा सुरू झाली. कुणी रडत होतं, कुणी शिव्या हासडत होतं, कुणी बाहेरून आलेल्या लोकांना गावातून हाकला म्हणत होतं. "आधी घोटभर पाणी प्या," ती प्रत्येकाला सांगत होती. दर फोन उचलताना ती आधी त्या हसण्याची चाहूल घेत होती.

"बाई, मला जोडून द्या."

हसणं नव्हतं. आवाज तोच.

"मेल्या, धड आहेस ना?"

तो म्हणाला, "आहे. अजून तशीच खेकसतेस, ताई."

"कुठे आहेस? घरी ये."

"आधी जोड. काय बोलतायत हे लोक! ज्यांना हाकला म्हणतायत, त्यांच्यातल्याच एका चहावाल्याने ओढून काढलं मला."

काचेपलीकडून निवेदक घाई करत होता. जोडला की तो हातचा गेला, हे तिला ठाऊक होतं.

"बोलून झालं की परत फोन कर. कर हं!" तिने बटण दाबलं.

टेम्पोचं, चहावाल्याचं, सगळं तो अडखळत बोलला, स्वतःच्याच आवाजात. आभार. लाइन बंद.

मग नुसता भडिमार. "कोण हा शहाणा? त्याला फोनवर घेतलाच कसा?" सगळ्या लाइन अडलेल्या, त्याने केला असता तरी फोन लागला नसता. ती एकेकाला झटपट वाटेला लावू लागली. तेवढ्यात एक म्हातारी आली लाइनवर.

"अगं, तो मघाचा ड्रायव्हर. लागलंबिगलं नाही ना त्याला? राहतो कुठे? कुणीतरी बघायला जायला हवं गं."

"माझा भाऊ आहे हो, आजी," ती म्हणाली. केंद्रात हे ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती. "विचारलं मी कुठे आहेस म्हणून. त्याने सांगायच्या आत जोडून दिला."